गळतंय कुठनं?

कोल्हापुरात रस्त्याच्या कडेला जुनी मोटारसायकल मेन स्टँडवर लावा आणि तिच्या पोटाखाली वाकून बघायला लागा. बोलू काही नका. दोन मिनिटांत चार माणसं जमतात. काय झालंय हे विचारायची पद्धत नाही, थेट निदान सांगायचं असतं. पहिला म्हणतो, "कॉक गेलाय." दुसरा म्हणतो, "कॉक कशाला, कार्बोरेटर ओव्हर होतोय." तिसऱ्याच्या हातात दुधाची पिशवी असते. तो मोकळ्या हातानं टाकी गदागदा हलवतो, आतला आवाज ऐकतो आणि गंभीर होतो. त्याला काय कळलं ते तो शेवटपर्यंत सांगत नाही. चौथा निदानाच्या भानगडीतच पडत नाही. तो म्हणतो, "इकून टाका आता ही."

मग कुणीतरी यामाहा आरएक्स १०० वरून येतो आणि गाडी चालू ठेवूनच थांबतो. आरएक्स १९८५ साली आली आणि १९९६ मध्ये बनायची बंद झाली, पण ही दुसरी बातमी कोल्हापुरात अजून पोचलेली नाही. त्याचं म्हणणं असं, की फोर स्ट्रोक घेतली तिथंच चुकलं. एवढं सांगून तो धुराचा एक ढग मागे ठेवून निघून जातो.

माझी गाडी शंभर सीसीची, फोर स्ट्रोक, गेल्या शतकातली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण कंपनीचा यात काही दोष नाही. तीस वर्षं पेट्रोलमध्ये बुडून राहिलेल्या रबरानं आणखी किती सोसायचं? तर ही गाडी संध्याकाळी घरी आणून लावली की खाली टपटप सुरू. थेंब पडायचा, फरशीवर पसरायचा आणि बघता बघता उडून जायचा. ऑइल गळलं तर डाग राहतो, पाणी गळलं तर ओल राहते. पेट्रोल गुन्हाही करतं आणि पुरावाही स्वतःच पुसून जातं. मागे उरतो तो वास.

हा वास पार्किंगमधून आधी स्वयंपाकघराच्या खिडकीत शिरला. त्यामुळं आमच्याकडं पहिला संशयित मोटारसायकल नव्हतीच, सिलिंडर होता. रेग्युलेटर काढून पुन्हा बसवला. नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघितलं. सिलिंडर आणणाऱ्या पोराला बोलावलं, त्यानं हुंगून "न्हाई ओ काकी" असा निर्वाळा दिला. शेवटी बायको म्हणाली, "अहो, हा गॅसचा वासच नाही. तुमची गाडी आहे ही." स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. पेट्रोलला असल्या मदतीची गरज नाही. या सगळ्या प्रकरणातलं पहिलं अचूक निदान बायकोचं होतं आणि तिनं आयुष्यात कधी किक मारलेली नाही.

आता, गाडीखाली ओलं दिसलं की ते पेट्रोलच असतं असं नाही. जुन्या गाडीच्या पोटाखाली दोन-तीन बारक्या नळ्या लोंबत असतात. त्यातली एक कार्बोरेटरची, एक बॅटरीची. बॅटरीच्या नळीतून येतं ते ॲसिड, त्याला बोट लावून बघू नये. ऑइल चिकट असतं आणि जागेवर बसून राहतं. पेट्रोल बोटावर घेतलं तर गार लागतं, क्षणात उडतं आणि कातडी पांढुरकी करून जातं. शिवाय गल्लीतलं एखादं कुत्रं मागच्या चाकाशी नेमानं येत असेल तर तोही मुद्दा लक्षात घ्यावा. आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त हेडमास्तरांनी त्या ओलीचा बोटावर घेऊन वास घेतला आणि "पेट्रोल नव्हे" एवढंच म्हणून ते हात धुवायला घरात गेले.

कार्बोरेटर ही वस्तू आहे तरी काय, हेही बघायला हवं. फवारा मारून पेट्रोल हवेत मिसळणारा कार्बोरेटर जर्मनीत विल्हेल्म मायबाखनं १८९३ साली काढला. त्याच वर्षी हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघांनीही तसल्याच यंत्राचं पेटंट मागितलं होतं. आधी कोण, यावर ते लोक अजून वाद घालतात म्हणे. म्हणजे कार्बोरेटरभोवती माणसं जमून हुज्जत घालणं ही प्रथा आपल्याकडची नाही, ती यंत्राबरोबरच आलेली आहे.

आत वीज नाही, पंप नाही, मेंदू नाही. हवा अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक जेटमधून वर ओढलं जातं. वाटीत पेट्रोल नेमकं किती असावं हे ठरवायला एक फ्लोट असतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो ना, अगदी तोच प्रकार. पातळी चढली की बॉल चढतो आणि आवक बंद होते. पातळी उतरली की आवक चालू. बॉल बिघडला की पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून शेजाऱ्याच्या भिंतीवर जातं आणि शेजारी आपल्याला कळवतो. कार्बोरेटरलाही असाच ओव्हरफ्लो असतो. वाटीच्या मधोमध किंवा कडेला एक पितळेची बारीक नळी उभी असते. तिचं तोंड पेट्रोलच्या नेहमीच्या पातळीच्या वर. पेट्रोल तिच्या तोंडापर्यंत चढलं की नळीत पडून खालच्या रबरी पाइपानं बाहेर येतं. ते आलं नाही तर इंजिनात जाईल, म्हणून ही सोय.

आणि टाकी या सगळ्याच्या वर. पेट्रोल आपल्या वजनानं खाली येतं. गुरुत्वाकर्षणाला बंद पडणं माहीत नाही, त्यामुळं गाडी उभी असली तरी पेट्रोल खाली यायला तयारच असतं. वाटेत कुठं फट मिळाली की ते बाहेर पडतं, जे भेटेल त्याच्या अंगावरून घरंगळत सगळ्यात खालच्या टोकाला जातं आणि तिथं त्याचा थेंब होतो. लोक बघतात तो थेंब. ज्या नटावरून थेंब पडतो तो नट आवळायचा, असा सरळ हिशोब.

घट्ट करणाऱ्यांचा हा पंथ फार जुना आहे. जगातली प्रत्येक गळती ढिलाईमुळं होते असा त्यांचा विश्वास. तालमीत गेलेला माणूस या पंथात असेल तर कठीण. कार्बोरेटरची वाटी हलक्या ॲल्युमिनियमसारख्या धातूची, तिचे स्क्रू बारके. त्यांवर पन्हाळा चढायचा जोर लावला की आटे मरतात, आणि मग आधी जिथून गळत नव्हतं तिथूनही गळायला लागतं. त्यावर त्याचं उत्तर, "बगा, ढिल्लंच हुतं!"

वरून खाली बघत यायचं म्हटलं तर सुरुवात टाकीच्या झाकणापासून. टाकी गळ्यापर्यंत भरली आणि गाडी उन्हात लावली की पेट्रोल फुगतं आणि झाकणातून येतं. ही गळती नव्हे, ही हाव. मग टाकीचा तळ. टाकीत साचलेलं पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि आतून गंज धरतो. बाहेर रंग छान दिसत असतो आणि एक दिवस टाचणीएवढं भोक पडतं. त्यावर आपल्याकडचा रस्त्यावरचा उपाय म्हणजे कपडे धुवायचा साबण. कोरडा साबण भोकावर जोरात घासला की गळती थांबते, कारण साबण पेट्रोलात विरघळत नाही. घरापर्यंत यायला हा उपाय बरा. पण आपल्याकडं घरी आल्यावर माणूस बघतो, गळत नाही, आणि तो साबण पुढची दोन वर्षं तिथंच राहतो. काहींच्या टाकीखाली एम-सीलचे इतके थर असतात, की मूळ टाकी आतून विरघळून गेली तरी गाडी चालेल.

टाकीखाली कॉक. त्याच्या ऑन, रिझर्व्ह आणि ऑफ या तीन खुणांनी महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचं अर्थकारण सांभाळलंय. ऑनवर पेट्रोल उंच नळीतून येतं, रिझर्व्हवर तळातून. चालती गाडी आचके द्यायला लागली की डावा हात न बघता खाली जायचा, कॉक फिरायचा आणि गाडी पुन्हा धावायची. मागे बसलेल्या माणसाला काही कळायचंही नाही. रिझर्व्ह लागलं म्हणजे पेट्रोल भरायला पाहिजे असा अर्थ पंप काढणाऱ्यांच्या मनात असेल. आपल्याकडं त्याचा अर्थ असा, की आता पगार होईपर्यंत काळजी नाही. रिझर्व्हही संपलं की गाडी आडवी करायची. रस्त्याच्या कडेला, भर वाहतुकीत, सुशिक्षित माणसं गाडीला अलगद कुशीवर निजवायची, कॉकच्या विरुद्ध बाजूला अडलेलं पेट्रोल इकडं आणायची आणि पुन्हा उभी करून किक मारायची. तरी चालू झाली नाही तर झाकण उघडून टाकीत फुंकर. या फुंकरीनं पेट्रोल वाढत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण फुंकर न मारता गाडी ढकलत नेणं हे प्रयत्न न करता हार मानल्यासारखं वाटायचं. आणि यातला खरा तोटा असा, की तळातलं पाणी, गंज आणि गाळ हे सगळं त्या रिझर्व्हच्या वाटेनं खाली कार्बोरेटरकडं जायचं.

कॉकच्या आत चार भोकांची रबराची चकती असते. ती कडक झाली की कॉक ऑफ करूनही पेट्रोल पाझरतं. पण हे कळायला कॉक ऑफ करावा लागतो, आणि तिथं पिढ्यांचं अंतर आहे. माझे सासरे दुकानात काडेपेटी घ्यायला उतरले तरी कॉक बंद करतात. माझ्या पुतण्याला कॉक नावाची वस्तू गाडीवर आहे हे मी दाखवल्यावर कळलं, आणि "मग हे ऑटोमॅटिक का नाही?" हा त्याचा पहिला प्रश्न. ऐंशीच्या दशकात शंभर सीसीच्या फोर स्ट्रोक गाड्या आल्या तेव्हा एक इंग्रजी जाहिरात फार गाजली होती : भरा, बंद करा, विसरून जा. ती होती मायलेजबद्दल. लोकांनी त्यातलं "विसरून जा" तेवढं मनावर घेतलं.

पाइपाबद्दल फार बोलायला नको. टोकाला कडक होतो, चिरतो. टोक अर्धा इंच कापून पुन्हा बसवणं हा सर्वमान्य उपाय. कापत कापत पाइप इतका आखूड होतो, की शेवटी टाकीच खाली येते की काय अशी शंका येते. नवा पाइप स्वस्त मिळतो. तो घ्यायला माणसं तयार नसतात, कारण एवढ्या स्वस्त वस्तूमुळं गाडी गळत होती हे मान्य करणं जड जातं.

तर माझी गाडी. मिस्त्रीकडं नेली. मिस्त्री भला माणूस, हात स्वच्छ, पाने जागच्या जागी. पण त्याला एक चांगली सवय आहे. गाडी आली की आधी कॉक बंद करायचा आणि मग चहा सांगायचा. चहा येतो, बशीत ओतला जातो, पाऊसपाण्याचं बोलणं होतं. मग तो खाली वाकून बघतो.

"कुठं गळतंय सर? कोरडं हाय की."

"घरी गळतं."

"घरी न्या मग बगू."

घरी न्यायची, लावायची, कॉक बंद करायचा. टपटप. थोड्या वेळानं आपोआप बंद. मिस्त्रीला फोन केला की म्हणायचा, "बंद झालं न्हवं? मग झालं तर." त्याचं तर्कशास्त्र बिनतोड होतं.

शेवटी त्यानं कार्बोरेटर खोलला. फ्लोट चढला की आवक बंद करणारी सुई, म्हणजे निडल, काढून माझ्या तळहातावर ठेवली. गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडी लांब, टोकाला काळं रबर. त्या रबरावर गोल चरा पडलेला, नखाला लागण्याइतका. "ही बगा, कशी गेलीया." निडल खरंच गेली होती. नवी घातली. टपटप चालूच. मग वाटीची ओ-रिंग काढली. ती चपटी होऊन दगड झालेली, वाकवली तर मोडली. तीही खरंच गेली होती. नवी घातली. टपटप. कॉक खोलला, चकतीला चिरा. खरंच गेलेली. नवी. टपटप. फ्लोट गरम पाण्यात बुडवून बघितला. फ्लोटला भोक असेल तर आतली हवा तापून बुडबुडे येतात. बुडबुडे आले नाहीत, याचं मिस्त्रीला जरा वाईट वाटलं.

जुन्या गाडीच्या दुखण्यात गोम आहे ती इथं. तीस वर्षांच्या गाडीत जे उघडाल ते गेलेलंच निघतं. कॉक गेलाय म्हणणारा बरोबर, कार्बोरेटर ओव्हर होतोय म्हणणारा बरोबर, पाइपवाला बरोबर, वायसरवाला बरोबर. चौकातल्या प्रत्येकाचं निदान खरं ठरतं, प्रत्येकजण पुराव्यासकट जिंकतो आणि गाडी गळतच राहते. नव्या गाडीत एक खराब भाग सापडला की शोध संपतो. जुन्या गाडीत खराब भाग सापडणं ही बातमीच नव्हे.

मधल्या काळात मी एक शास्त्रीय प्रयोग केला. कार्बोरेटर, कॉक, पाइप सगळं पुसून कोरडं केलं आणि वर टाल्कम पावडर शिंपडली. जिथून ओल फुटेल तिथं पावडर काळवंडते, म्हणजे वाट दिसते. उपाय उत्तम आहे. फक्त तो अंधारात करावा. सकाळी शेजारच्या काकूंनी विचारलं, "गाडीला घामोळं आलंय का हो?" आणि संध्याकाळपर्यंत ही चौकशी सहा घरांत पोचली होती. पावडरीनं एवढं मात्र सिद्ध केलं, की टाकी कोरडी, कॉक कोरडा, पाइप कोरडा, वाटीची कड कोरडी. ओल फक्त खालच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाला.

ते कळल्यावर मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं कार्बोरेटरला दोन टोले दिले. हा विधी देशभर चालतो आणि त्याला अर्थ आहे : कचरा अडकून निडल बसत नसेल तर टोल्यानं सुटते. आमची निडल नवीकोरी, तिला टोले खायचं काही कारण नव्हतं.

शिवाजी उद्यमनगरात लेथवर आयुष्य घालवलेले एक वयस्क गृहस्थ आहेत. कोल्हापूरचं उद्यमनगर म्हणजे जिथं पार्ट मिळत नाही, तो करून मिळतो. त्यांच्याकडं गेलो. त्यांनी गाडीकडं बघितलंच नाही, आधी मलाच प्रश्न विचारले.

"कॉक बंद केल्यावर गळायचं लगीच थांबतंय का काय वेळानं?"

"वेळानं."

"आनि सकाळी किक लई मारायला लागत्यात?"

"हो. बऱ्याच."

"मग वाटी रिकामी हुतीया रातीत. निडल न्हवं. निडल गेली असती तर वरचं बंद केल्यावर पातळी जराशी उतरून थांबलं असतं. हितं समदी वाटी सांडतीया."

वाटी काढून दिली. त्यांनी वाटी रिकामी करायचा ड्रेन स्क्रू तपासला, वाटीत पेट्रोल ओतलं आणि वाटी परवाच्या पेपरवर ठेवली. पानभर वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, एका नगरसेवकाच्या कपाळावर ओल पसरायला लागली. कुठून येतेय ते मात्र दिसेना. मग त्यांनी खालच्या टोकाला रबरी पाइप लावला, आतल्या पितळेच्या नळीच्या तोंडावर करंगळी दाबली आणि पाइपातून हळूच फुंकर मारली. वाटीच्या तळाशी, नळी जिथं वाटीत रोवलेली असते तिथून, एक बुडबुडा वर आला. मग दुसरा. नळीला उभी, केसाएवढी चीर होती. इंजिनाच्या थरथरीनं आणि वयानं पडलेली. पेट्रोल तोंडापर्यंत चढायची गरजच नव्हती; ते खालच्या खाली चिरेतून नळीत शिरत होतं आणि ओव्हरफ्लोच्या दारानं बाहेर पडत होतं. निडल खराब असली तरी पेट्रोल याच दारातून येतं. अनेक कार्बोरेटरांत ड्रेन स्क्रूची गळतीही इथूनच येते. आरोपी तीन, दार एक, आणि मिस्त्रीचा चहा होईपर्यंत वाटी सांडून मोकळी.

त्यांनी वाटी कोरडी केली, चिरेवर डाख दिला, पुन्हा फुंकून बघितलं. बुडबुडा नाही. पैसे विचारले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. त्यो पेपर तेवढा बाहेर उन्हात टाका, बिडी वडायची हाय मला."

हे शेवटचं वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास असतानाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळं जमिनीलगत पसरते. दसऱ्याला आपण गाड्या धुऊन हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो आणि समोर वाकून नीरांजन ओवाळतो. गळणाऱ्या गाडीला ओवाळताना नीरांजन बरोबर त्या वाफेच्या उंचीला येतं. टाकीत पेट्रोल किती आहे हे काडी ओढून बघणारा महापुरुष प्रत्येक गावात एक होऊन गेलेला असतो. मोबाइलला टॉर्च आल्यापासून ही परंपरा खंडित झाली, हा त्या उपकरणाचा मला तरी सगळ्यात मोठा उपकार वाटतो.

रबरं लवकर का जातात यावर कट्ट्यावर नवा विषय आहे तो इथेनॉलचा. पेट्रोलमध्ये ते मिसळायला २००३ मध्ये पाच टक्क्यांनी सुरुवात झाली, २०२२ च्या जूनमध्ये देशभरात दहा टक्के झालं आणि २०२५ मध्ये वीस. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि त्याची सवय नसलेली जुनी रबरं त्यात फुगतात, मग पिचतात. आमच्या जिल्ह्यात या विषयावर तटस्थ माणूस मिळणं अवघड, कारण निम्म्या लोकांच्या गाड्या जुन्या आहेत आणि उरलेल्या निम्म्यांचा इथेनॉलसाठी जाणारा ऊस आहे. बऱ्याचदा माणूस एकच असतो. एक शेतकरी मित्र गळणाऱ्या गाडीकडं बघून म्हणाला, "माझं बिल अजून निघालं न्हाई, आनि ऊस तुझ्या टाकीतनं गळाय बी लागला."

नव्या गाड्यांत हा सगळा खटलाच राहिला नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे प्रदूषणाचे नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींमधून कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. आता बिघाड झाला की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि तरुण मिस्त्री वायर जोडून स्क्रीन वाचतो. दुधाच्या पिशवीवाल्याला त्यात हलवायला काही उरलेलं नाही.

ज्यांच्याकडं अजून कार्बोरेटर आहे त्यांनी पार्ट घेण्याआधी एक फुकटची परीक्षा करावी. गाडी मेन स्टँडवर लावा, कॉक बंद करा आणि चहा न घेता तिथंच उभे राहा. गळायचं लवकर थांबलं तर निडल किंवा फ्लोट बघा. वाटी रिकामी होईपर्यंत टपकत राहिलं तर ड्रेन स्क्रू आणि ती पितळेची नळी. थांबलंच नाही तर कॉक किंवा टाकी, तिथं मिस्त्रीला कार्बोरेटर खोलू देऊ नका. आणि एक गोष्ट सगळ्यांच्या आधी : ऑइलची काडी काढून हुंगा. ओव्हरफ्लोचा पाइप तुंबला असेल तर जादा पेट्रोल बाहेर न येता सिलिंडरमधून उतरून इंजिन ऑइलात मिसळतं. ऑइलची पातळी न भरता वाढलेली दिसते आणि काही लोकांना त्याचा आनंद होतो. काडीला पेट्रोलचा वास आला तर किक मारू नका. गाडी ढकलत न्या, गळती काढा, ऑइल बदला, मगच चालू करा.